एक सूत खाल्ल्यावर शिकलेलं मोजमाप

इंदूरला रामबागेत आमच्या घराच्या जुन्या भिंतीत एक कोनाडा आहे. निवृत्त झाल्यावर त्यात फळी बसवायची म्हणून मी पहिल्यांदा करवत हातात घेतली. कोनाडा मोजला शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीनं, फळीवर खूण केली टेपनं. फळी आखूड! शेजारी काम करणारे मिस्त्री बघून म्हणाले, "मैडमजी, एक सूत खा गईं आप." तीस वर्षं भूमिती शिकवली मी.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरहून जरासं जास्त. आपल्याकडे प्लायची शीट मागायची आठ बाय चार फुटांची आणि जाडी मात्र १८ मिलिमीटर, त्यामुळे पट्टीवर दोन्ही मापं हवीत. पण एक काम सुरू केलं की शेवटपर्यंत एकच माप आणि एकच पट्टी. मी मिलिमीटर धरते. सुतात फक्त मिस्त्रींशी बोलते.

सियागंज बाजारातून स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी आणा. शून्य अगदी टोकावर आहे ना, ते दुकानातच बघा. शाळेच्या पट्टीला शून्याआधी कोरी जागा असते आणि माझी फळी तिनंच खाल्ली. खुणा कोरलेल्या हव्यात, नखाला लागल्या पाहिजेत. चकचकीत पट्टी घेऊ नका, ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही. घरी आल्यावर कागदावर तिच्या कडेनं बारीक रेघ मारा, पट्टी अर्धी फिरवून तीच कड त्याच रेघेला पलीकडून लावा आणि पुन्हा मारा. दोन रेघांमध्ये फट दिसली तर पट्टी परत करा.

टेपही लागतोच. त्याचा हुक हलतो म्हणून मी दुकानदाराशी हुज्जत घातली होती. तो मुद्दामच तसा असतो, आणि हलतो स्वतःच्या जाडीएवढाच. फळीला अडकवून ओढला की पुढे येतो, भिंतीला टेकवला की मागे जातो, म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. ठोकून घट्ट करू नका. हुक वाकलाय असं वाटलं तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि मग १० वजा करा. हे वजा करायला मी दोनदा विसरले आहे. आता मोठ्यानं म्हणते.

खूण करताना पट्टी आडवी न ठेवता कडेवर उभी करा, म्हणजे आकड्याची रेघ लाकडालाच टेकते. आडव्या पट्टीकडे जरा तिरकं बघितलं की खूण सरकते. नुसता ठिपका देऊ नका, 'व्ही' काढा. त्याचं टोक म्हणजे माप. बोथट पेन्सिल अर्धा मिलिमीटर सहज खाते, म्हणून कापायची रेघ मी सुरीनंच ओढते.

आता माझी लाडकी युक्ती. १७३ मिलिमीटर रुंदीच्या फळीचे पाच सारखे भाग करायचेत? भागाकार नको. पट्टी तिरकी ठेवा: शून्य एका कडेवर, २०० दुसऱ्या कडेवर. ४०, ८०, १२०, १६० ला खुणा करा आणि त्यांतून कडेला समांतर रेघा ओढा. समांतर रेषांच्या आंतरछेदांचं हे प्रमेय मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करायचे. लाकडाच्या फळीवर पहिल्यांदा जमलं तेव्हा मिस्त्रींना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "ये तो हम रोज करते हैं."

आणि कोनाडा? त्याला आकड्यांत मोजूच नका. लाकडाच्या दोन बारीक पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोन्ही भिंतींना टेकेपर्यंत सरकवा, क्लॅम्पनं आवळा आणि ती लांबी तशीच फळीवर उतरवा. पुढे एकदा आणि मागे एकदा, कारण जुन्या भिंती समांतर नसतात. आमचा कोनाडा मागे ५ मिलिमीटर अरुंद निघाला.