माल्टाला निघण्यापूर्वी

माल्टा हा अवघा ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्म्याएवढा देश असल्यामुळे तयारी चार दिवसांत उरकेल असे वाटते. परंतु विमानाचे तिकीट काढण्याआधीच एक काम हातावेगळे करावे, आणि ते म्हणजे हाल साफ्लिएनी येथील हायपोजियमचे आरक्षण. मऊ चुनखडीत तीन मजले खाली कोरत नेलेले हे पाच हजार वर्षांहून जुने दफनस्थान १९०२ साली बांधकामाच्या खोदाईत अचानक सापडले. माणसांच्या श्वासातील ओलाव्याने छतावरील तांबड्या गेरूची चित्रे खराब होतात, म्हणून तासाला केवळ दहा जणांना आत सोडतात आणि तिकिटे अनेक आठवडे आधी संपतात. प्रवासाच्या बाकीच्या तारखा या तिकिटाभोवतीच बसवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा काढावा आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची निदान तीन महिन्यांची मुदत शिल्लक असल्याची खात्री करावी. चलन युरोच आहे.

१९६४ पर्यंत येथे ब्रिटिशांचे राज्य होते. त्यामुळे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात, इंग्रजी ही माल्टीजबरोबरची राजभाषा आहे आणि विजेचे सॉकेट तीन चपट्या पिनांचे आहेत. आपल्या गोल पिनांसाठी अॅडॅप्टर बरोबर घ्यावा.

कपडे भरताना राजधानी व्हॅलेटामधील सेंट जॉन्स को-कॅथीड्रलचा विचार करावा. तेथे खांदे झाकलेले असावे लागतात आणि टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत, कारण पायाखालची फरशी म्हणजे सेंट जॉनच्या सरदारांच्या (एका कॅथलिक लष्करी-धार्मिक संघाच्या योद्ध्यांच्या) रंगीत संगमरवरी समाध्या आहेत. याच सरदारांनी १५६५ चा ऑटोमन वेढा परतवून लावल्यावर पुढच्या वर्षी व्हॅलेटाचा पाया घातला. हा इतिहास निघण्यापूर्वी वाचून ठेवला तर तटबंदीचा अर्थ उमगतो. कॅथीड्रलमधील, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचे १६०८ मधील ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे चित्र घाईने पाहू नये. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र असून ती सही रंगवलेल्या रक्तातच आहे.

बाराही महिने वाहणारी एकही नदी येथे नाही आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळवला जातो, तेव्हा उन्हाळ्यात भरलेली बाटली सदैव जवळ ठेवावी. शाकाहारी मंडळींना वाटाण्याचे किंवा रिकोटा चीजचे सारण भरलेले ‘पास्तित्सी’ कोठेही मिळतात, मात्र पापुद्र्यात प्राण्यांची चरबी आहे का, हे विचारून घ्यावे.

गोझो बेटासाठी पूर्ण दिवस राखावा. चिर्केव्वाहून फेरीबोटीने साधारण २५ मिनिटे लागतात आणि तेथील जगान्तियाची पाषाणमंदिरे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा कित्येक शतकांनी जुनी आहेत. जुन्या प्रवासपुस्तिकेवरून यादी केली असेल, तर ‘अझ्युर विंडो’ ही सागरी कमान त्यातून वगळावी; ती ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली.