पारदर्शक स्टॅम्पचा ठसा तुटक येत असेल तर

नव्या फोटोपॉलिमर (पारदर्शक, लवचिक प्लास्टिकच्या) स्टॅम्पवर शाई पसरायचीच नाही. तिचे थेंब होऊन गोळा व्हायचे आणि कार्डावर ठसा मधेमधे पांढरा उमटायचा. बारीक अक्षरं ठीक, भरीव पाकळ्या मात्र हमखास तुटक. जास्त शाई लावली तर कडा फुगल्या, जोर दिला तर रेषा जाड झाल्या, कागद बदलून काहीच फरक नाही. चांगली कार्डं वाया जाताना जीव तुटत होता.

कारण होतं स्टॅम्पचा अतिगुळगुळीत पृष्ठभाग. स्टॅम्प ठोकळ्यावर (हातात धरून ठसा उमटवायच्या अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर) चिकटवा आणि पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने सगळीकडे घासा. चमक किंचित मंदावली की थांबा. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण कोरडा करा. कार्डाखाली पातळ फोमची शीट ठेवा (ही पायरी गाळू नका, मोठ्या ठशांना हीच तारते). आता स्टॅम्प उलटा धरून त्यावर शाईचं पॅड टपटप टेकवा, दाबू नका. ठोकळा सरळ खाली ठेवा, न डोलवता सगळीकडे सारखा दाब द्या, सरळ वर उचला. पहिले एक-दोन ठसे रद्दी कागदावर घ्या.

डाय शाईने (रंग विरघळलेल्या पातळ शाईने) तरीही फिकं वाटलं तर पिग्मेंट शाई वापरा. ती दाट असते, भरीव आकार छान भरते. फक्त वाळायला जास्त वेळ घेते.