डिजिटल गिअरवर गिटारचा टोन लागत नाहीये? या चुका टाळा

गिटार आहे, प्रोसेसर (अ‍ॅम्प आणि पेडलच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारी पेटी) आहे नाहीतर लॅपटॉपवर अ‍ॅम्पचं प्लगिन आहे, सगळे प्रीसेट, म्हणजे आधीच सेव्ह केलेली सेटिंग, फिरवून झालेत आणि तरी आवाज एकतर चिरका येतोय नाहीतर पार दबलेला, ही तक्रार मुंबईत इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असते. आणि इथे आपल्याला डिजिटलशिवाय फारसा पर्यायही नाहीये. वन बीएचकेमध्ये भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बाळ झोपलेलं असतं, ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या खऱ्या आवाजावर लावला की बेल वाजलीच, आणि जॅमरूमला जायचं तर जड कॉम्बो (एकाच पेटीत अ‍ॅम्प आणि स्पीकर) घेऊन संध्याकाळची विरार लोकल पकडणं शक्य नाही. म्हणजे हे गिअर नीट वाजायलाच पाहिजे. आणि ते वाजतं, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

बिघाड बहुतेक वेळा अ‍ॅम्पच्या मॉडेलमध्ये, म्हणजे त्याच्या डिजिटल नकलेत, नसतोच. तो दोन टोकांना असतो, गिटारमधून जे आत जातं तिथे आणि स्पीकरमधून जे बाहेर येतं तिथे. पण सगळे मधलंच बदलत बसतात, हा अ‍ॅम्प नको तो अ‍ॅम्प, मग नवीन प्रीसेट पॅक विकत, मग नवीन प्रोसेसर. म्हणून तपासताना आधी गिटार आणि केबल, मग इनपुट, मग स्पीकर आणि किती मोठ्याने ऐकतोय ते, आणि अ‍ॅम्पचे नॉब सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवा. रिव्हर्ब, डिले, कंप्रेसर सगळं बंद. एक अ‍ॅम्प, एक कॅबिनेट, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आत जाणाऱ्या सिग्नलकडे न बघणं

गिटारचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबक आणि कॉइल) हाय इम्पीडन्सचा असतो, त्याला पुढे साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं. लाइन इनपुट बऱ्याचदा १० किलोओहमच्या आसपासचं असतं, तिथे गिटार लावली की पिकअपवर लोड येतो, वरचा ट्रेबल जातो, आवाज मेलेला वाटतो, मग आपण अ‍ॅम्पवर ट्रेबल आणि प्रेझेन्स वाढवतो आणि तिथून पुढचं सगळंच चुकत जातं. साउंड कार्डवर (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) इन्स्ट लिहिलेलं किंवा गिटारचं चिन्ह असलेलं बटण असतं, ते दाबलेलं आहे ना ते बघा. लॅपटॉपच्या माइकच्या जॅकमध्ये कन्व्हर्टर लावून गिटार घालत असाल तर ते आजच बंद करा, त्यातून चांगला टोन निघणारच नाही.

मग लेव्हल. इनपुटचा गेन खूप वर असेल तर सिग्नल डिजिटल होतानाच कापला जातो आणि तो कापलेला भाग नंतर कुठल्याही प्लगिनने परत येत नाही. आणि कापला नाही गेला तरी अ‍ॅम्पच्या मॉडेलला वाटतं की गिटार खूप हॉट आहे, म्हणजे तिचा सिग्नल फार जोरदार आहे, त्यामुळे क्लीन आवाजसुद्धा खरखरीत येतो. सोपी टेस्ट सांगतो, साउंड कार्डचा गेन पार खाली आणा, फेंडर पद्धतीचं क्लीन मॉडेल घ्या, त्याचा गेन ३ वर ठेवा आणि सिंगल कॉइलवर (एकाच कॉइलचा पिकअप) जोरात स्ट्रोक मारा. आवाज जवळपास स्वच्छ राहिला पाहिजे. फाटला तर लेव्हल जास्त आहे. बऱ्याच प्लगिनमध्ये इनपुटचा वेगळा नॉब असतो, कमी पडलं तर तिथून थोडं थोडं वाढवा.

तारांबद्दल कोणी बोलतच नाही. आपल्याकडे दमट हवा बारा महिने, त्यात पावसाळा, साध्या तारा बघता बघता काळ्या पडतात आणि त्यांचा खणखणीतपणा निघून जातो. मेलेल्या तारांवर कितीही महागडं मॉडेल लावा, प्रत्येक नोट चिखलात पडल्यासारखीच येणार. वाजवून झालं की फडक्याने तारा पुसा, आणि टोनचा प्रश्न सोडवायला बसण्याआधी नवीन सेट घाला. पिकअपची उंचीही बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांच्यात २ मिलीमीटरच्या आसपास अंतर ही चांगली सुरुवात आहे. स्ट्रॅटचे (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) पिकअप तारांच्या फार जवळ आणले तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर आवाज बेसूर, थरथरता येतो, त्याला लोक प्रोसेसरचा दोष समजतात.

कॅबिनेट नसणं किंवा दोनदा असणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. गिटार अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर हा गाणी ऐकायचा स्पीकर नाहीये. सेलेस्टियन या कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर घ्या, कंपनी स्वतःच त्याची रेंज ७५ ते ५००० हर्ट्झ देते. म्हणजे ५ किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने खाली येतो, आणि डिस्टॉर्शनमधला सगळा किरकिरा कचरा नेमका त्याच्या वर असतो. तो कचरा स्पीकरच गाळून टाकत होता. आता तोच डिस्टॉर्शनचा सिग्नल तुम्ही २० किलोहर्ट्झपर्यंत वाजणाऱ्या हेडफोनला किंवा स्टुडिओ मॉनिटरला सरळ दिला तर कान फाटणारच. म्हणून कॅबिनेट सिम्युलेशन लागतं, ज्याला आपण आयआर म्हणतो, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, त्यात तो स्पीकर, त्याच्यासमोरचा माइक आणि माइकची जागा हे तिन्ही एकत्र आलेलं असतं.

याच्या उलटी चूक जॅमरूममध्ये होते. तिथे खरा कॉम्बो ठेवलेला असतो, त्याच्या पुढच्या इनपुटमध्ये आपण प्रोसेसर लावतो, आणि प्रोसेसरमध्ये अ‍ॅम्पही चालू, कॅबही चालू. मग आवाज दोन प्रीअ‍ॅम्पमधून (अ‍ॅम्पचा टोन घडवणारा पहिला भाग) जातो आणि दोन कॅबिनेटमधून गाळला जातो, एक खोटं एक खरं, आणि वर घोंगडी टाकल्यासारखा बाहेर येतो. कॉम्बोच्या मागे एफएक्स रिटर्न (प्रीअ‍ॅम्प टाळून पुढच्या पॉवर अ‍ॅम्पला जाणारा जॅक) असेल तर तिथे लावा आणि प्रोसेसरमधलं कॅब बंद करा. रिटर्न नसेल तर प्रोसेसरमधला अ‍ॅम्प आणि कॅब दोन्ही बंद करून फक्त पेडल वापरा आणि कॉम्बोचा क्लीन चॅनेल घ्या.

आयआर निवडताना अ‍ॅम्पपेक्षा जास्त वेळ द्या, कारण एखाद्या मार्शलच्या मॉडेलवर फक्त कॅब बदलला तर अ‍ॅम्प बदलल्याइतका फरक पडतो. माइक स्पीकरच्या बरोबर मधोमध असेल तर आवाज तिखट, कडेकडे सरकवला की गोल आणि गडद. बऱ्याच प्रोसेसरमध्ये ही जागा स्क्रीनवर हलवता येते, तरी चिरका आवाज आला की हात आधी ट्रेबलच्या नॉबवर जातो. ट्रेबल सोडा, माइक हलवा. आणि मग कॅबच्या पुढे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं आणि ६ ते ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. सहाव्या मोकळ्या तारेचा मूळ सूरच ८२ हर्ट्झचा आहे, त्याच्या खाली स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये तुमच्या कामाचं काहीच नसतं, फक्त गडगड असते.

खोलीतल्या अ‍ॅम्पचा आवाज हेडफोनमध्ये शोधणं

प्रोसेसर तुम्हाला देतो तो माइक लावून रेकॉर्ड केलेल्या अ‍ॅम्पचा आवाज. समोर उभा असलेला अ‍ॅम्प, त्याची छातीवर येणारी हवा, भिंतीवरून परतणारा आवाज, हे हेडफोनमध्ये नाही येणार आणि त्यासाठी गेन वाढवूनही नाही येणार. पण ज्या रेकॉर्डिंगमुळे आपण गिटारकडे वळलो तिथेही माइकनेच पकडलेला आवाज आहे, तेव्हा तुलना करायची तर त्याच्याशी करा. अगदी थोडा रूम रिव्हर्ब दिला की हेडफोनमधला कोरडेपणा बराच कमी होतो. आणि खोलीतला अ‍ॅम्पच हवा असेल तर छोटा पॉवर अ‍ॅम्प आणि खरं गिटार कॅबिनेट घ्या, प्रोसेसरमधलं कॅब बंद करा, हाच प्रामाणिक मार्ग आहे.

रात्री हळू आवाजात टोन बनवणं

हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅब्समधून मांडलं की कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर मधल्या सुरांपेक्षा बरेच कमी ऐकू येतात. आता आपली सवय बघा, ऑफिसमधून घरी यायला नऊ, जेवण होईस्तोवर दहा, मग हेडफोन लावून किंवा मॉनिटर अगदी बारीक ठेवून टोन बनवायला बसायचं. कमी आवाजात बास आणि ट्रेबल भरपूर वाढवल्याशिवाय मजा येत नाही, मिड मात्र खाली आणला की गोड वाटतं. तोच प्रीसेट गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर लावला की खाली नुसती गडगड, वर किरकिर, आणि गिटार ढोलकी आणि कीबोर्डच्या मागे गायब. मिड हेच गिटारचं घर आहे, ते काढलं की बँडमध्ये तुम्ही ऐकूच येत नाही.

म्हणून जॅमरूमचा एक तास फक्त टोनसाठी घ्या, गाणी बसवायची नाहीत, मोठ्या आवाजात ऐकून बास, मिड, ट्रेबल लावा आणि तो प्रीसेट वेगळ्या नावाने सेव्ह करा. घरी रात्रीचा वेगळा, बाहेरचा वेगळा. दुसऱ्याने बनवलेला प्रीसेट म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आहे, त्याची गिटार, त्याचे स्पीकर, त्याची खोली सगळं त्यात बसलेलं असतं, तुम्हाला तो लागेलच असं नाही. आणि दोन प्रीसेटची तुलना करताना आधी दोघांची लेव्हल सारखी करा, कारण जो जरासा मोठा असतो तो कानाला चांगलाच वाटतो.

गेन, बास आणि मास्टर

गेन जेवढा वाटतो त्याच्यापेक्षा कमीच लागतो, हे सगळेच सांगतात, पण का ते सांगत नाहीत. जास्त गेनमध्ये पिकचा हल्ला सपाट होतो, कॉर्डमधल्या नोट एकमेकांत मिसळतात. पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून दाबलेला आवाज) ढिला येत असेल तर गेनच्या आधीचा बास कापा. मेसा कंपनीच्या मार्क सिरीजच्या अ‍ॅम्पमध्ये टोनचे नॉब मुख्य गेनच्या आधी येतात, तिथे बास १-२ वरच ठेवायचा असतो, तर मार्शल जेसीएम ८०० मध्ये ते प्रीअ‍ॅम्पच्या शेवटी येतात, त्यामुळे तिथे बास कमी केला तरी ढिलेपणा जात नाही, फक्त आवाज पातळ होतो. तिथे अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळपास फुल. तो खालचे सूर मागे ठेवतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढे आणतो, बस तेवढ्याने रिफ घट्ट होते.

मास्टर आणि चॅनेल व्हॉल्यूम एकच समजू नका. बऱ्याच मॉडेलरमध्ये चॅनेल व्हॉल्यूम फक्त आवाज कमी-जास्त करतो, मास्टर मात्र पॉवर अ‍ॅम्प किती दाबला जातोय ते ठरवतो. मार्शलच्या जुन्या प्लेक्सी अ‍ॅम्पला मास्टर नव्हताच, त्याची जादू पॉवर अ‍ॅम्प फुल चालवण्यातच आहे, म्हणून त्या मॉडेलचा मास्टर खाली ठेवलात तर तो प्लेक्सी राहतच नाही.

हम आणि उशीर

हम येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा, हम गेला तर गुन्हेगार चार्जर. सिंगल कॉइलवर बझ असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी दिवे बंद करून बघा, जागेवरच थोडं वळून बसा, काही दिशांना तो बराच कमी होतो. अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका, तो जिवाशी खेळ आहे.

ब्लूटूथ हेडफोनवर गिटार वाजवायची नाही. तिथे उशीर १०० मिलीसेकंदांच्या पुढे सहज जातो आणि हात अडखळायला लागतात, त्याला आपण टोन आवडत नाही असं म्हणतो. वायरचा हेडफोन, साउंड कार्डचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (विंडोजवर उशीर कमी करणारा) आणि बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवला जाणारा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पल, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला एका बाजूने २.७ मिलीसेकंद, एवढं पुरतं.

आणि बाहेर वाजवायला जाल तेव्हा प्रोसेसरचं आउटपुट मोनो करून ठेवा, कारण मिक्सरवर बहुतेक वेळा तुम्हाला एकच चॅनेल मिळतो आणि स्टिरिओ डिलेचा अर्धा भाग तिथेच गळतो. एक्सएलआरमधून देत असाल तर आउटपुट माइक लेव्हलला आहे की लाइनला ते साउंडवाल्या दादांना आधीच सांगा, आणि त्या चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम (माइकसाठी केबलमधून येणारा वीजपुरवठा) बंद ठेवायला सांगा, सगळ्या प्रोसेसरना तो झेपत नाही.