युद्धकाळातली कॉकटेल्स घरी करताय? या चुका टाळा

पहिली चूक माझीच सांगतो. फ्रेंच ७५ करायचं म्हणून जिन, लिंबू, साखरेचा पाक आणि नाशिकची ब्रूट (कमी गोड स्पार्कलिंग वाइन) असं सगळंच शेकरमध्ये ओतलं आणि हलवलं. झाकण उडालं, अर्धं पेय ओट्यावर, उरलेलं माझ्या शर्टावर. बुडबुडे असलेलं काहीही, मग ती स्पार्कलिंग वाइन असो, सोडा असो की जिंजर बिअर, शेकरमध्ये घालायचं नसतं. ३० मिली जिन, १५ मिली लिंबाचा रस आणि १५ मिली पाक बर्फावर हलवून गाळून घ्या. मग ग्लास तिरका धरून वरून ६० ते ९० मिली वाइन सोडा. वाइन गार हवीच. कोमट असली की नुसता फेस वर येतो आणि दोन मिनिटांत पेय बसतं.

नावातले ७५ म्हणजे फ्रेंच सैन्याची १८९७ सालची ७५ मिलिमीटरची तोफ. तिचा धक्का तेल आणि दाबलेली हवा जिरवून टाकायची. तोफ जागची हलत नसे, दर गोळ्याला नव्याने नेम धरावा लागत नसे, आणि मिनिटाला १५ गोळे सहज सुटत. पहिल्या महायुद्धात तिचं फ्रान्सला भलतंच कौतुक होतं. तिथून नाव आलं इथवर ठीक. पण 'पॅरिसच्या हॅरीज बारमध्ये १९१५ साली बारमन हॅरी मॅकेल्होनने हे पेय शोधलं' ही गोष्ट जरा तपासून घ्या. हॅरीने तो बार विकत घेतला १९२३ साली, तेव्हा युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. त्याच्या १९२२च्या पुस्तकातल्या '७५'मध्ये सफरचंदाची ब्रँडी, जिन आणि डाळिंबाचं सिरप आहे, शॅम्पेनचा थेंबही नाही. शॅम्पेनची कृती १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात छापली गेली आणि १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या पुस्तकातून सगळीकडे पोचली. खंदकातल्या सैनिकांचं पेय म्हणून कुणी हे तुमच्या हातात ठेवलं, तर पेय घ्या, गोष्ट सोडून द्या.

लिंबू नगावर नको, मापावर घ्या

परदेशी कृतीत 'अर्ध्या लेमनचा रस' असतो, म्हणजे साधारण २० मिली. आपल्या अर्ध्या कागदी लिंबातून सहा-सात मिली निघाला तरी पुष्कळ. मग पेय गुळमट होतं आणि दोष जातो जिनला. लिंबू फार पिळूही नका, सालीचा कडूपणा उतरतो. साइडकारमध्ये (ब्रँडी, संत्र्याची लिकर, लिंबू) ही गडबड लगेच कळते. त्यात आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत बऱ्याचदा द्राक्षापेक्षा मळीचं स्पिरिटच जास्त आणि ती आधीच गोडसर. ग्लासच्या काठाला साखर तरी लावू नका. १९२२च्या कृतींमध्ये ती नव्हतीच.

बर्फाचं एवढंच: फ्रीजरमधल्या मटारांचा वास त्याला लागलेला नसावा.

तांब्याचा मग

मॉस्को म्यूलचा (व्होडका, जिंजर बिअर, लिंबू) मॉस्कोशी काही संबंध नाही. १९४१, लॉस एंजेलिस. जॉन मार्टिनच्या कंपनीने १९३९ साली स्मिरनॉफचे हक्क घेतले होते आणि व्होडका खपत नव्हती. जॅक मॉर्गनच्या बारमध्ये जिंजर बिअर पडून होती. दोन न खपणारे माल एकत्र आले, एवढीच त्याची जन्मकथा. आता हे पेय तांब्याच्या मगातच द्यायची फॅशन आहे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही, तेच लिंबाचं. तांब्याचा मग आतून कल्हई केलेला किंवा स्टीलचा घ्या, नाहीतर सरळ काचेचा ग्लास. पेय मिळमिळीत लागत असेल तर तुम्ही जिंजर बिअरऐवजी तिच्याहून सौम्य आणि गोड असं जिंजर एल वापरलंय. चमचाभर आल्याचा रस, पाक आणि गार सोडा घातला की झणका येतो.

माय ताय हे रमचं कॉकटेल १९४४चं, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ट्रेडर व्हिक या बारमालकाचं. अमेरिकेतल्या व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या तेव्हा युद्धासाठी औद्योगिक अल्कोहोल गाळत होत्या, त्यामुळे रमचे दिवस आले होते. यात बदामाचं सिरप लागतं. तिथे आपलं केशर-वेलचीचं बदाम सरबत ओतलं की रम घातलेलं मसाला दूध तयार. भिजवलेले बदाम वाटून, गाळून, साखर घाला, बस. अननसाचा रस मूळ कृतीत नाही.

सफरिंग बास्टर्ड

या पेयाचा जन्म १९४२, कैरोचं शेफर्ड्स हॉटेल, बारमन जो शालोम. जर्मन सेनापती रोमेल इजिप्तच्या दाराशी आला होता. त्याच वर्षी २१ जूनला लिबियातलं तोब्रुक बंदर पडलं आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन तिथे कैद झाली. कैरोतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना मात्र हँगओव्हरवर उतारा हवा होता. ३० मिली जिन, ३० मिली ब्रँडी, १५ मिली लाइम कॉर्डियल (लिंबाचं गोड सिरप), अँगोस्टुरा या कडू मसालेदार अर्काचे दोन शिंतोडे, वरून जिंजर बिअर. यात रम दिसली तर ते ट्रेडर व्हिकचं त्याच नावाचं दुसरंच पेय. अँगोस्टुरा वगळू नका, नाहीतर उरतं ते आल्याचं सरबत. आणि या 'उताऱ्यात' ६० मिली दारू आहे. सकाळी लिंबूपाणीच घ्या.