कॅमेऱ्याआधी सातबारा

दापोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे, २६ वर्षं झाली. पासपोर्ट साइज, बारशी, लग्नं आणि हल्ली प्रीवेडिंग यांवर घर चालतं. सुट्टीच्या सकाळी मात्र मी मोठी लेन्स खांद्याला लावून हर्णै, आंजर्ले, केळशी असा किनाऱ्याने भटकतो. या भटकंतीत मला हटकणारे पुष्कळ भेटले. त्यातले निम्मे बरोबर होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

कोकणातला माणूस बांधाच्या दोन हातांसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवेल, पण कॅमेरा काढताना आपण उभे कुणाच्या जागेत आहोत, हे बघणार नाही. सगळी गोम तिथेच आहे. रस्त्यावर, पुळणीवर, बाजारात फोटो काढू नका असं सांगणारा सरसकट कायदा आपल्या देशात नाही. बंदी येते ती जागेमुळे, नाहीतर हेतूमुळे. म्हणून बॅगेची चेन उघडण्याआधी पायाखालच्या जमिनीचा सातबारा मनात काढायचा: ही जमीन सरकारी, खाजगी, देवस्थानची, रेल्वेची, की संरक्षण खात्याची?

माझीच गोष्ट सांगतो. एका खाडीच्या तोंडाशी थंडीत कुरव पक्षी उतरतात. पाण्यातल्या बोयावर पाचसहा बसले होते. मी सार्वजनिक रस्त्याच्या कडेला ६०० मिलिमीटरची लेन्स लावून उभा. पक्ष्यांच्या मागे एका प्रकल्पाची धक्क्याची क्रेन दिसत होती, पण ती माझ्या डोक्यातही नव्हती. पाच मिनिटांत मोटरसायकलवरून सिक्युरिटीवाला हजर.

"ओ, कॅमेरा द्या इकडे. काय काढलंय ते डिलीट करा."

मी घाबरलो आणि सगळं कार्ड फॉरमॅट केलं. त्यात आदल्या दिवशीच्या साखरपुड्याचे फोटो होते. बॅकअप घेतला नव्हता. मुलीच्या वडिलांना तोंड कसं दाखवलं ते माझं मला माहीत. तेव्हापासून दोन नियम पाळतो. गिऱ्हाइकाचं कार्ड भटकंतीला नेत नाही, आणि कुणी दरडावलं म्हणून काही पुसत नाही.

खाजगी सुरक्षारक्षक आपल्या मालकाच्या आवारात "इथे फोटो नाही, बाहेर व्हा" असं सांगू शकतो, आणि तिथे ऐकायलाच हवं. सांगूनही हटला नाहीत तर तो अतिक्रमणाचा मामला होईल आणि चूक तुमची ठरेल. पण तुमचा कॅमेरा काढून घेण्याचा, कार्ड तपासण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा अधिकार त्याला नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर तर तो तुमच्यासारखाच एक नागरिक. हे त्याला ऐकवताना आवाज मात्र चढवू नका. बारा तास उन्हात उभा असलेला माणूस असतो तो. त्यालाही वर जबाब द्यायचा असतो. मी आता कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून स्क्रीनवर पक्षी दाखवतो, स्टुडिओचं कार्ड देतो आणि म्हणतो, "हरकत असेल तर पोलिसांना बोलवा, मी थांबतो." बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मिटते.

पोलीस आले तर प्रकरण वेगळं. संशयास्पद वाटणारी वस्तू जप्त करण्याचा अधिकार त्यांना नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने दिला आहे. मात्र जप्ती म्हणजे हातातून ओढून घेणं नव्हे. तिची नोंद, पंचनामा होतो, आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही व्हायला हवं. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची जप्ती कुणाच्या तरी मोबाइलवर शूट होणार! नाव आणि बक्कल नंबर विचारा, पावती मागा, आणि नाव-पत्ता खरा सांगा. "फोटो पुसा, सोडून देतो" हा शॉर्टकट कायद्यात कुठेच नाही. फोटो खरोखर आक्षेपार्ह असेल तर तो पुरावा, मग पुसायचा कशाला? आणि नसेल तर पुसायचं कारण काय? हे नम्रपणे विचारून बघा.

पोलीस ठाण्यातल्या शूटिंगवरून शासकीय गुपिते कायदा लावल्याचं तुम्ही ऐकलं असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. पण तो १९२३ चा कायदा हलक्यात घेऊ नका. नौदल, तटरक्षक दल, शस्त्रागार, सरकारने अधिसूचित केलेले प्रकल्प अशा ठिकाणांना तो खराखुरा लागू होतो. देशाला बाधक हेतूने तिथे नकाशा, चित्र, फोटो काढणं हा गुन्हा आहे आणि संरक्षणविषयक बाबीत शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. हेतू हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका, कारण तुमचं वागणं आणि आजूबाजूची परिस्थिती बघूनच तो ठरवतात. उरणजवळ करंजाचा नौदलाचा तळ, रत्नागिरीतला तटरक्षक दलाचा विमानतळ, वर पालघरला तारापूरचा अणुप्रकल्प, अशा ठिकाणी पाटी दिसली की लेन्सचं झाकण लावायचं. मोबाइलसुद्धा खिशात. वाद घालायची ती जागा नव्हे.

आपल्या किनाऱ्यावर लोक जरा जास्तच संशयी का, तेही समजून घ्या. १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलं. २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोट लागली आणि तिच्यात रायफली सापडल्या. हरिहरेश्वर म्हणजे आमच्या मंडणगड तालुक्याच्या अगदी समोर, बाणकोटची खाडी ओलांडली की आलंच. त्यामुळे भल्या पहाटे जेट्टीवर अनोळखी माणूस तिपाई लावून दिसला की गावातला कुणीतरी सागरी पोलिसांना फोन करतोच, आणि करायलाच हवा. मी नवीन गावात आधी चहाच्या टपरीवर बसतो. कुठून आलो, काय काढणार, दोन शब्द सांगतो. अर्ध्या तासात गावभर होतं. त्याहून भारी परवाना नाही.

किल्ल्यांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते. सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, रायगड हे केंद्रीय पुरातत्त्व विभागाकडे आहेत, तर खांदेरी राज्याकडे. जुलै २०२५ मध्ये हे पाचही जागतिक वारसा यादीत गेले. हातातल्या कॅमेऱ्याने हौशी फोटो काढायला तिथे अडचण नाही. तिपाई, लाइट, लाइटची छत्री आली की आगाऊ परवानगी लागते. इथेच प्रीवेडिंगवाले अडकतात. होडीने सुवर्णदुर्गाला जायचं, नवरीचा दहा फुटी घोळाचा गाऊन, सोबत रिफ्लेक्टर धरणारा पोरगा, आणि म्हणायचं, "हौस म्हणून काढतोय"! कोण विश्वास ठेवेल? धंद्याचं शूटिंग असेल तर तारखेच्या बऱ्याच आधी अर्ज करा, आणि मिळालेल्या पत्राची छापील प्रत जवळ ठेवा. पाण्यापलीकडे रेंजचा भरवसा नसतो.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो. रत्नागिरीजवळचा पानवलचा ६४ मीटर उंच पूल लांबून, डोंगरावरून काढा. फोटोही तिथूनच चांगला येतो. रुळावर उतरलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ड्रोन हे वेगळंच प्रकरण. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. लग्नात उडतात ते बहुतेक त्याहून जड असतात, आणि ते पैसे घेऊन उडवले की प्रमाणपत्र हवंच. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावरच्या ड्रोन-नकाशावर हिरवा भाग असेल तर साधारण ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी न घेता उडवता येतं, विमानतळाजवळ ही मर्यादा खाली येते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. सिंधुदुर्गात चिपीला विमानतळ झाल्यापासून मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मुलांनी हा नकाशा दर वेळी उघडून बघावा. शिवाय नकाशा हिरवा असला तरी त्या आठवड्यात बंदी असू शकते. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल भाग जाहीर करू शकतो, आणि मंत्र्यांचा दौरा किंवा मोठा उत्सव असला की जमावबंदीसारखे आदेशही निघतात. माझा पुतण्या माझ्यासोबत ड्रोन उडवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करून विचारून घ्यायची मी त्याला सवय लावली आहे. "काका, नकाशावर हिरवं आहे की!" असं तो दर वेळी म्हणतो. आणि मी दर वेळी फोन लावायला सांगतो.

माणसांबद्दल कायदा काय म्हणतो ते थोडं आणि रीत काय ते जास्त. एखाद्या बाईचे खाजगी क्षण चोरून टिपणं हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पुळणीवर कपडे बदलायच्या आडोशाकडे लेन्स गेली तरी खपवून घेऊ नये. बाजारातल्या गर्दीत चेहरा आला तर चालतं, पण एकाच चेहऱ्यावर रोखलंत तर विचारा, आणि जाहिरातीत वापरणार असाल तर लिहून घ्या. पोराचा फोटो असेल तर आईबापाला विचारल्याशिवाय नाहीच.

हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, तिथे मी पहिली पाच वर्षं सगळं न विचारता काढलं. मग एकदा सुरमईच्या टोपलीमागून एक मावशी ओरडल्या, "आमची तोंडं काढतोस आणि नेतोस खंय? आम्हाला एक तरी दिलास काय?" पुढच्या खेपेला बारा प्रिंट नेले. आता मी धक्क्यावर उतरलो की आधी मागच्या वेळचा हिशेब होतो, कुणाचा फोटो आला, कुणाचा राहिला. ती उधारी चुकती झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायची सोय नाही.