व्हेनिसला हनिमूनला जाताय? या चुका टाळा

व्हेनिसमध्ये काय बघायचं ते कोणीही सांगेल. पण तिथे पोचल्यावर पहिल्या दोन तासांत नवराबायकोची जी भांडणं होतात ना, ती सगळी त्याच त्याच चुकांमुळे होतात आणि सांगून सांगून माझं तोंड दुखलंय.

सगळ्यात मोठी चूक बॅगांची. बस पियाझाले रोमा चौकात संपते, ट्रेन सांता लुचिया स्टेशनला, त्यापुढे गाडी नाही, सायकलसुद्धा चालवू देत नाहीत. पायी जा नाहीतर बोटीने. वर चारशेहून जास्त पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. माझी भाची दोन ढब्बू बॅगा घेऊन गेली, एकीत चक्क शालू होता, तो ती तिथे कुठे नेसणार होती देव जाणे. हॉटेलच्या पत्त्यात ‘काल्ले देल फोर्नो’ होतं, जावईबापूंनी मॅपवर तेवढंच टाकलं. आता या नावाच्या गल्ल्या तिथे ढीगभर आहेत! हॉटेल शहराच्या कास्तेल्लो भागात आणि हे दोघं पाच-सहा पूल चढून उतरून दोर्सोदुरो भागात, त्यात पाऊस, त्यात बॅगेचं चाक निखळलं, आणि जावई म्हणाला “मी म्हणत होतो एकच बॅग घेऊ” की झालं. ती पुलाच्या पायरीवर बसून मला व्हॉट्सॲपवर विचारतेय, “मावशी, आम्ही कुठे आहोत गं?” मी पुण्यात! म्हटलं भिंतीवर काय लिहिलंय ते वाच, मग दोघांना अकादेमियाच्या स्टॉपवर पिटाळलं आणि १ नंबरच्या वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या बससारख्या बोटीने, कास्तेल्लोतल्या आर्सेनाले स्टॉपला उतरवलं.

तिथे पत्ता गल्लीवर चालत नाही. शहराचे सहा भाग आहेत, सेस्तिएरे म्हणतात, आणि घरांचे नंबर अख्ख्या भागाला धरून हजारांत जातात. म्हणून बुकिंग झाल्या झाल्या हॉटेलला विचारा, जवळचा वापोरेत्तो स्टॉप कुठला आणि तिथून दारापर्यंत पूल किती. उत्तर कागदावर लिहून पर्समध्ये. हो, कागदावर, मोबाईल नेमका तेव्हाच मान टाकतो. मोठी बॅग स्टेशनवरच्या लगेज काउंटरला ठेवा आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन पुढे जा.

दुसरी चूक, स्वस्त मिळालं म्हणून मेस्त्रेत हॉटेल. ते खाडीच्या अलीकडे, ट्रेनने दहा-बारा मिनिटं, तसं वाईट काही नाही. पण दिवसभराची गर्दी संध्याकाळी ओसरते आणि बरोबर तेव्हाच तुम्ही ट्रेन गाठायला पळत असता. सकाळी मिलानहून येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, सत्यनारायण उरकावा तसं व्हेनिस उरकतात. खोली काडेपेटीएवढी असली तरी चालेल, दोन रात्री गावातच राहा आणि सकाळी सातला सान मार्कोला जा, चौक जवळजवळ तुमचाच. २०२४ पासून ठरावीक दिवशी नुसतं फिरायला येणाऱ्यांना प्रवेश फी आहे, मुक्कामाला असाल तर ती माफ, पण ऑनलाइन नोंद करून कोड काढावा लागतो, तो विसरू नका.

गोंडोलाचा सरकारी दर दिवसा ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, आणि तो अख्ख्या बोटीचा, माणशी नाही. अर्ध्या तासाचं काम, वेळ चढायच्या आधी ठरवा, गाणं त्यात नसतं. एवढे पैसे नको वाटत असतील तर त्रागेत्तोने ग्रँड कॅनॉल ओलांडा, २ युरोत गोंडोलासारख्याच बोटीत बसल्याचं समाधान.

वापोरेत्तोचं तिकीट मशीनला लावल्याशिवाय चढू नका, दंड होतो. सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर खुर्चीवर बसण्याआधी मेन्यू वाचा, संगीताचे पैसे वेगळे लागतात.

नोव्हेंबर-डिसेंबरचं लग्न असेल तर नाजूक सँडल घरीच ठेवा. २०१९ च्या नोव्हेंबरात भरतीचं पाणी १८७ सेंमीपर्यंत चढलं होतं. २०२० पासून समुद्राच्या तोंडावर बसवलेले ‘मोसे’ नावाचे दरवाजे मोठी भरती अडवतात, पण सान मार्को सगळ्यात सखल, लहान भरतीलाही तिथे पाय ओले होऊ शकतात.

आणि हे खरं तर सगळ्याच्या आधी बघायचं. सासरी ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं म्हणून लगेच त्या नावाने तिकीट काढू नका गं बायांनो! पासपोर्टवर जे आहे तेच नाव व्हिसाला, विम्याला, विमानाला. बदलायचंच असेल तर परत आल्यावर सावकाश बदला, सासूबाई काही एअरपोर्टवर तपासायला येत नाहीत.