घरबसल्या उन्हाळा, जुन्या सुती साड्या आणि माझे फसलेले कफ्तान: या चुका टाळा

2020 मध्ये पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी कोरोनामुळे सगळा देश बंद झाला. 2021 मध्ये तो 13 एप्रिलला आला, तर दुसऱ्या दिवशी रात्री 8 पासून महाराष्ट्रात संचारबंदी. लागोपाठ दोन उन्हाळे नव्या कपड्यांशिवाय गेले. कपड्यांच्या दुकानांची शटरं खाली होती, आणि ऑनलाइन मागवायचं तर फक्त जीवनावश्यक मिळायचं. बातम्या अशा की कपड्यांचा विषय काढायलाही संकोच वाटावा. पण पुण्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दुपारी दोन वाजता, सॅटिनचा गाउन पाठीला चिकटला की संकोच आपोआप गळतो.

मी कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा उघडला. आईच्या आणि सासूबाईंच्या सुती साड्या. दोन उन्हाळ्यांत त्यांतून चार कफ्तान, दोन पायजमे आणि पुतणीचा एक फ्रॉक निघाला. खर्च म्हणाल तर दोऱ्याची तीन रिळं. शिवाय दोन कफ्तान असे फसले की त्यांचे शेवटी उशांचे अभ्रे झाले. हा लेख मुख्यतः त्या अभ्र्यांविषयी आहे.

विरलेली साडी कात्रीखाली घेऊ नका

माझी पहिली चूक हीच. आईची फिकट निळी साडी इतकी मऊ होती की दुसरी बघावीशीच वाटली नाही. कफ्तान झकास झाला. तिसऱ्या दिवशी फळीवरचा रव्याचा डबा काढायला हात वर केला आणि काखेपासून कमरेपर्यंत टर्र! शिवण जागच्या जागी होती, फाटलं होतं ते कापड. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आई सांगलीहून म्हणाली, "अगं, ती गोधडीसाठी ठेवलेली! विरलीय ती केव्हाच."

विरलेलं कापड हाताला कळत नाही, उजेडात कळतं. साडी खिडकीत धरा आणि घडीच्या रेषा बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी आधी तिथे जाते. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आडवं ताणा. धागे सरकून जाळी दिसली की ती गोधडीचीच. सगळी साडी मात्र टाकून देऊ नका. निऱ्यांचा आणि टाचेपाशी घासणारा भाग आधी विरतो, आतला खोचायचा भाग पुष्कळदा ठणठणीत असतो. त्यातून लहान मुलाचं झबलं तरी नक्की निघतं.

"सुतीच आहे" हे कुणाचं ऐकून ठरवू नका

सासूबाईंनी "कॉटनची" म्हणून दिलेल्या साड्यांपैकी एक अर्धी पॉलिएस्टर निघाली. घालून स्वयंपाक केला तेव्हा घामोळ्यांनी सांगितलं. टोकाचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरून सिंकपाशी पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे मऊ राख. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. दोन्ही झालं तर मिश्र. मिश्र साडीचे पडदे करा.

रेयॉनचा कुर्ता घरात असेल तर त्याला मात्र नावं ठेवू नका, उन्हाळ्यात तो बरा असतो. ओला असताना रेयॉन कमजोर होतं, म्हणून पिळू नका. गरम पाणीही नको, आटतं.

मोर उलटे का झाले

हे सविस्तर सांगते, कारण कुठल्याच व्हिडिओत मला हे सापडलं नाही.

साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंचांचा असतो. कफ्तानला तो पुरतो, आणि दोन्ही काठ आयते दोन्ही बाजूंना येतात, दुमडून शिवायची कटकट नाही. सोपा मार्ग म्हणून मी 100 इंचांचा एकच तुकडा कापला, मधोमध दुमडला आणि दुमडीवर गळा काढला. खांद्याला शिवणच नको! पुढे पदर झोकात आला. मग आरशात पाठ बघितली. पाठीवरचे अकरा मोर डोक्यावर उभे होते.

कापड खांद्यावरून मागे पडतं तेव्हा नक्षीही उलटते, एवढं साधं. चौकडी, ठिपके, साधे पट्टे असतील तर काही बिघडत नाही. पण मोर, कोयऱ्या, वेली, कलश असं वर-खाली असलेलं काही असेल तर पुढचा आणि मागचा भाग वेगळा कापा आणि खांद्याला जोडा. शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच जास्त घ्या. साडेपाच मीटरच्या साडीत हे सगळं होऊन पायजम्यापुरतं कापड उरतं.

ते मोर मी उसवले नाहीत. घरात पाठ कोण बघतंय?

गळा: आधी लहान कापा

मोठा कापलेला गळा लहान होत नाही. दुमडलेल्या कापडावर मध्यापासून तीन इंच रुंदी पुरे, मागे इंचभर खोली, पुढे चार. पुढचा आणि मागचा गळा एकत्र, एकाच खोलीचा कापला की कफ्तान दिवसभर खांद्यावरून घसरत राहतो. माझा घसरायचा. कापलाच असेल तर पुढे मधोमध तीन-चार चुण्या घाला, किंवा गळ्याच्या पट्टीतून नाडी ओवून घ्या. नाडीचा गळा मुद्दाम केल्यासारखा दिसतो, कुणाला सांगायची गरज नाही.

पट्टीसाठी हात आपोआप ओटीतल्या ब्लाउजपीसांकडे जातो. प्रत्येक घरात त्यांची चळत असते आणि ते कुणी शिवत नाही. जरूर वापरा, पण आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून. साडी शंभर वेळा धुतलेली असते, तिचं आटणं कधीच संपलंय. कोरा ब्लाउजपीस पहिल्या धुण्यात आटतो आणि गळा सुरकुततो. साडीला खळ असेल तर तीही आधी काढा. खळीचं कापड कापताना छान उभं राहतं आणि धुतल्यावर भलत्याच मापाने लोंबतं.

रंग आणि मीठ

मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, यावर आमच्या दोन्ही घरांची श्रद्धा आहे. सुती कापड रंगवताना मीठ घालतात, त्याने रंग धाग्याकडे ओढला जातो, हे खरं. पण रंगून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. तो निघून जाईपर्यंत वेगळं धुणं एवढंच हातात आहे. शिवण्याआधी कोपरा ओला करा, त्यावर पांढरा रुमाल ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर पांढरी पट्टी त्या साडीला लावू नका. पांढऱ्यावर डाग पडलाच तर वाळू देऊ नका आणि इस्त्री तर नकोच. लगेच साबणाच्या पाण्यात पुन्हा, दोनदा, तीनदा.

मशीन कापड गिळतं तेव्हा

वर्षभर बंद असलेलं मशीन, मलमलीसारखं कापड आणि जाड सुई. पहिल्याच टाक्याला कापड खाली भोकात ओढलं जातं. मी मशीनला दोष देत होते. 14 नंबरची सुई काढून 11 ची लावली, कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली, अगदी कडेपासून न शिवता अर्धा इंच आतून सुरुवात केली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं मागे धरली. गिळणं बंद. कागद नंतर फाडून निघतो. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होत असेल तर बॉबिनशी झटापट करू नका. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. दाबपट्टी (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) वर उचलून पुन्हा ओवा. आणि आजीच्या डब्यातलं जुनं रीळ आधी हाताने तोडून बघा, लगेच तुटलं तर शिवणही तशीच तुटणार.

मशीन नसेल तर धावदोरा चालतो, मात्र काखेत आणि बाजूच्या चिरेच्या टोकाला उलटे टाके घाला. माझं दुसरं अपयश तिथलंच.

नेफा आणि कॅमेरा

पायजम्यात कमरेच्या मापापेक्षा फार कमी इलॅस्टिक घातलं की दिवसभर बसून लाल वळ उठतात. कमरेपेक्षा दोन इंच कमी ठीक, उन्हाळ्यात नाडी त्याहून बरी.

ऑनलाइन मीटिंगसाठी बारीक पट्ट्यांचा कुर्ता घालू नका, स्क्रीनवर पट्ट्या लाटांसारख्या हलतात. आमच्याकडे नवऱ्याचा वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा असा प्रकार वर्षभर चालला होता. मग एका मीटिंगमध्ये पंखा वाढवायला उठणं झालं. तेव्हापासून उरलेल्या साडीचा दुसरा पायजमा त्यांच्या वाट्याला गेला. बिट्टीच्या फुलासारखा पिवळा आहे, काठासकट. नाडी लांब झाली म्हणून आधी तक्रार होती, आता धुवायला टाकला की विचारणा होते, वाळला का.